डीएचएसची माहितीसेवा: आधी प्रश्नावली, मग फाइल

अकरा वर्षांपूर्वी नेपाळच्या डीएचएस या लोकसंख्या आणि आरोग्य सर्वेक्षणातली जन्मनोंदींची फाइल मी पहिल्यांदा उघडली आणि जवळजवळ दिवसभर भलत्याच वाटेने गेले. जन्मतारखांचे आकडे एवढे मोठे की ही मुले अजून पन्नास-साठ वर्षांनी जन्माला यायची आहेत असे वाटावे. फाइल बिघडलेली नव्हती. या सर्वेक्षणांत तारीख महिन्यांच्या मोजणीत लिहितात, जानेवारी १९०० हा पहिला महिना धरून. जानेवारी २००० म्हणजे १२०१. नेपाळमध्ये तारखा विक्रम संवतात विचारतात आणि त्याच मोजणीत उतरवतात, म्हणून साधारण ५७ वर्षांचा फरक. सोबतच्या कागदपत्रांत हे सरळ लिहिलेले होते, मी ते वाचले नव्हते. आता विकसनशील देशांतल्या आरोग्यावर किंवा शिक्षणावर काम करू पाहणारे कोणी माझ्याकडे आले की मी आधी त्यांच्या हातात प्रश्नावली देते.

डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हेज, म्हणजे डीएचएस, हा कार्यक्रम अमेरिकेच्या यूएसएड संस्थेच्या पैशावर १९८४ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून ९० हून जास्त देशांत ४०० हून जास्त सर्वेक्षणे झाली. भारतातले राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण याच घराण्यातले. २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबे होती आणि ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. यातल्या बहुतेक फाइली कोणालाही फुकट मिळतात. नाव नोंदवायचे, कशावर काम करणार ते चार ओळींत लिहायचे, देश निवडायचे. वस्त्यांची भौगोलिक ठिकाणे आणि एचआयव्ही तपासणीचे निकाल यांच्यासाठी वेगळी मागणी करावी लागते, आणि ते योग्यच आहे.

नुसता एखादा आकडा हवा असेल तर स्टॅटकंपायलर नावाचे त्यांचे साधन पुरते. देश निवडा, निर्देशक निवडा, तक्ता तयार. नेपाळमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांचा मृत्युदर १९९६ च्या सर्वेक्षणात हजार जन्मांमागे ११८ होता, २०२२ मध्ये ३३. वयाच्या मानाने उंची खुंटलेली मुले २००१ मध्ये ५७ टक्के, २०२२ मध्ये २५ टक्के. एवढा मोठा बदल एका ओळीत दिसतो तेव्हा मला अजूनही थोडा वेळ थांबावेसे वाटते. पण लगेच पुढचा प्रश्न येतो: हे कळले कसे? जिथे जन्ममृत्यूची नोंद धड होत नाही, तिथे ११८ हा आकडा आला कुठून?

तो आईला विचारून आला. या सेवेचा कणा म्हणजे जन्म-इतिहास. १५ ते ४९ वयाच्या बाईला तिच्या प्रत्येक बाळाबद्दल एकेक करून विचारतात: जन्म कधी, मुलगा की मुलगी, जिवंत आहे का, नसेल तर किती वयाचे असताना गेले. त्याआधी एक प्रश्न असतो, जिवंत जन्मून नंतर गेलेले मूल आहे का. ती नाही म्हणाली तर मुलाखत घेणारीने पुन्हा विचारायचे असते: रडलेले, हललेले, श्वास घ्यायची धडपड केलेले, थोडाच वेळ जगलेले एखादे बाळ? फाइलमध्ये या उत्तराची एक आडवी ओळ होते. बी-५ च्या रकान्यात शून्य, म्हणजे हयात नाही. बी-७ मध्ये मृत्यूच्या वेळचे वय महिन्यांत, पहिल्या महिन्यातच गेले तर तिथेही शून्य. ज्या बाळाची कुठल्याही दप्तरात नोंद नाही त्याची ही नोंद असते. मला ही सेवा मोलाची वाटते ती आधी यासाठी.

वय किती बारकाईने विचारायचे तेही ठरलेले आहे. महिन्याच्या आत गेलेल्या बाळाचे वय दिवसांत, दोन वर्षांच्या आत महिन्यांत, त्यापुढे वर्षांत. आई “एक वर्षाचे होते” म्हणाली तर नक्की किती महिन्यांचे ते पुन्हा विचारायचे, कारण आठवण गोल आकड्याकडे ओढते. एवढे करूनही अनेक फाइलींत बाराव्या महिन्यावर मृत्यूंचा ढीग दिसतो. त्यातले काही खरे दहाव्या-अकराव्या महिन्यातले असतात आणि ते अर्भकमृत्यूतून, म्हणजे वर्षाच्या आतल्या मृत्यूंतून, निसटून पुढच्या वयोगटात जातात.

दुसरा दोष मला जास्त शिकवून गेला. लसी, ताप, जुलाब, स्तनपान यांवरचे लांबलचक प्रश्न साधारणपणे मागच्या पाच वर्षांत जन्मलेल्या मुलांपुरते असतात. पाच वर्षांची सीमा कुठल्या जानेवारीपासून धरायची तेही छापलेले असते. दिवसभर उन्हात फिरलेल्या मुलाखतकर्तीला मूल त्या सीमेच्या अलीकडे बसवले तर आणखी अर्धा तास, पलीकडे सरकवले तर सुटका. म्हणून बऱ्याच देशांत सीमेच्या अलीकडच्या वर्षात जन्म कमी आणि पलीकडच्या वर्षात जास्त दिसतात. बायकांच्या वयातही तेच होते: ४९ च्या जागी ५० लिहिले की मुलाखत टळते. ही लबाडी शोधून दाखवणारे तक्ते डीएचएस स्वतःच आपल्या अहवालांच्या शेवटी छापते. आपल्या उणिवा मोजून वाचकापुढे ठेवणाऱ्यावर माझा विश्वास बसतो. नवी फाइल घेतली की मी पहिला तक्ता जन्मवर्षांचाच काढते.

जे फाइलमध्ये येऊच शकत नाही त्याचा विचार मात्र आपल्यालाच करावा लागतो. जन्म-इतिहास सांगायला आई जिवंत असावी लागते. एचआयव्हीने आया गेल्या त्या देशांत त्यांच्या मुलांचे मृत्यूही हिशेबातून गळतात आणि बालमृत्युदर खऱ्यापेक्षा कमी दिसतो. मातामृत्यू मोजायला म्हणून बहिणींबद्दल विचारतात: किती बहिणी होत्या, कोण गेली, तेव्हा ती गरोदर किंवा बाळंतीण होती का. घरगुती हिंसेचे प्रश्न एका घरात एकाच बाईला आणि फक्त एकांतात विचारतात. एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून देतात. तो सोडला अशीही नोंद फाइलमध्ये असते. त्या नोंदीकडे पाहून मला नेहमी वाटते की तिथे कोणी उठून बाहेर गेले नाही, हेसुद्धा एक उत्तर आहे.

ज्यांना शिक्षणावर काम करायचे आहे त्यांनी इथून फार अपेक्षा ठेवू नये. किती वर्षे शाळा, सध्या शाळेत जाते का, एवढे नीट मिळते. वाचता येते का हे पाहायला एक कार्ड असते, त्यावर साधे वाक्य: शेती हे कष्टाचे काम आहे, मूल पुस्तक वाचत आहे, अशा धर्तीचे. पण ठरावीक इयत्तेपुढे शिकलेल्या बाईला ते कार्ड दाखवतच नाहीत. तिला वाचता येते असे गृहीत धरतात. हे गृहीतक मला पटत नाही. भारतातल्या ग्रामीण मुलांच्या ‘असर’ पाहणीत २०२४ मध्ये तिसरीतल्या २७.१ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. शाळेत घालवलेली वर्षे आणि आलेले शिक्षण यांतले अंतर एवढे मोठे असताना, इयत्तेवरून साक्षरता ठरवणारा रकाना मी निष्कर्षाला वापरत नाही. मुलांच्या वाचनाबद्दल आणि गणिताबद्दल काही हवे असेल तर युनिसेफच्या एमआयसीएस सर्वेक्षणाची सहावी फेरी पाहा. त्यात ७ ते १४ वयाच्या मुलांना समोर बसवून वाचायला आणि आकडे ओळखायला देतात.

रक्ताच्या आकड्यांबाबतही जपून. हिमोग्लोबिन बोटाला टोचून काढलेल्या थेंबावर मोजतात. भारतात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांतला ॲनिमिया २०१५–१६ मध्ये ५८.६ टक्के होता, २०१९–२१ मध्ये ६७.१ टक्के. ही वाढ खरी किती आणि मोजण्याच्या पद्धतीची किती, यावर संशोधकांत वाद आहे, कारण शिरेतून काढलेल्या रक्तावर वेगळे आकडे येऊ शकतात. पहिल्या पानावर हाच आकडा ठळक छापणाऱ्या प्रबंधाला मी तरी हा परिच्छेद लिहायला लावते.

वापराच्या दृष्टीने थोडे सांगते. प्रत्येक नोंदीला भारांक असतो, म्हणजे हिशेबात तिचे वजन किती धरायचे तो आकडा. तो व्ही-००५ च्या रकान्यात असतो, दहा लाखांनी भागून घ्यायचा. तो विसरलात तर मुद्दाम जास्त नमुना घेतलेला छोटा प्रदेश साऱ्या देशाच्या वतीने बोलायला लागतो. सधनता निर्देशांक हा उत्पन्नाचा आकडा नव्हे. घरातली जमीन कशाची, सायकल, टीव्ही, पाणी, शौचालय यांवरून घरांची उतरंड लावलेली असते, आणि तीही त्या देशापुरती. एका देशातला सगळ्यात गरीब पाचवा हिस्सा दुसऱ्या देशात मधल्या पायरीवर असू शकतो, आणि तरीही शोधनिबंधांत हे दोघे शेजारी ठेवलेले मी वारंवार पाहते. नकाशावर काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की वस्तीचा बिंदू मुद्दाम हलवलेला असतो: शहरात २ किलोमीटरपर्यंत, गावात ५ पर्यंत, आणि गावांतल्या १ टक्का वस्त्यांचा १० पर्यंत. मुलाखत देणारीला कोणी शोधून काढू नये म्हणून हे केले आहे. दवाखाना दीड किलोमीटरवर होता की तीन, हे त्या बिंदूवरून ठरवायला जाऊ नका. निर्देशकांची व्याख्या अंश आणि छेदासह देणारी त्यांची मार्गदर्शिका मात्र फार चांगली आहे. संशोधनपद्धतीच्या कितीतरी पुस्तकांपेक्षा माझे विद्यार्थी तिच्यातून जास्त शिकले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत आवरती घेतली आणि हा कार्यक्रम थांबला. नव्या अर्जांना उत्तर मिळेना, चालू सर्वेक्षणे अर्ध्यावर अडकली. पुढे गेट्स फाउंडेशनच्या तात्पुरत्या निधीवर काही काम पुन्हा सुरू झाले. एका देशाच्या तिजोरीवर एवढ्या देशांची मोजदाद टेकलेली होती, याची आम्ही कोणीच पुरेशी काळजी केली नव्हती. माझ्या परीने मी प्रत्येक फेरीची प्रश्नावली आणि नमुन्याचे परिशिष्ट फाइलीशेजारी साठवून ठेवते आणि विद्यार्थ्यांनाही तसे करायला सांगते.

राहून गेलेल्या फेरीचे काय, असे मला विचारतात. बालमृत्यूंपुरते काही अंशी भरून काढता येते, कारण जन्म-इतिहास मागे जाऊन विचारता येतो. २०३० मधली आई २०२५ मध्ये गेलेल्या बाळाबद्दल सांगू शकते. पण २०२५ मध्ये दोन वर्षांच्या असलेल्या मुलीची उंची तेव्हा किती होती, हे २०३० मध्ये तिला पट्टीसमोर उभे करून कळत नाही.