वालुकाश्म की चुनखडी? तेलासाठी कार्बन डायऑक्साइड कुठे सोडावा

वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीत बसाल्टचा तुकडा उचलून बघा. भोकंच भोकं, पण बरीचशी एकमेकांना न जोडलेली, काही तर झिओलाइट या खनिजाने बुजलेली. म्हणजे सच्छिद्रता (भोकांचं प्रमाण) आहे, पण पार्यता (त्यांतून द्रव किंवा वायू वाहू देण्याची क्षमता) जेमतेम. पुण्यातल्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा फरक इथेच कळतो, आणि तेलक्षेत्रात सगळा खेळ त्याचाच. खडकात अडकून राहिलेलं तेल बाहेर काढायला तिथे कार्बन डायऑक्साइड गॅस सोडतात, आणि तो कसा वाहील हे खडकावर ठरतं.

अंकलेश्वरचं तेल वालुकाश्मात आहे. क्वार्ट्झचे कण गॅसला फारसे जुमानत नाहीत, छिद्रं बऱ्यापैकी जोडलेली असतात, त्यामुळे गॅस कुठे जाईल याचा अंदाज बांधता येतो. डोकेदुखी फक्त चिकणखनिजांची.

मुंबई हायचं तेल मुख्यतः चुनखडीत. इथे प्रकरण नाजूक. गॅस पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल होतं आणि ते कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचं मुख्य खनिज, खातं. विहिरीजवळ वाटा रुंदावतात. पण विरघळलेला चुना पुढे दाब उतरला की पुन्हा साचून छिद्रं बुजवू शकतो. भेगा असल्या तर गॅस तेलाला बगल देऊन थेट उत्पादन विहिरीत हजर! शिवाय चुनखडीला तेल अनेकदा चिकटून बसतं, नुसत्या पाण्याने सुटत नाही. गॅसचा खरा उपयोग तिथेच: पुरेशा दाबाखाली तो तेलात मिसळतो, तेल फुगतं, पातळ होतं.

सुरुवात करायची तर मी वालुकाश्मच निवडेन. मात्र चुनखडीला मोडीत काढू नका. टेक्सासच्या सॅक्रॉक क्षेत्रात १९७२ पासून चुनखडीतच हा गॅस सोडतात.