खालच्या दाढांच्या जागी धातूची कवळी : नऊ महिन्यांचा अनुभव

माझ्या खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना उपदाढांच्या (सुळा आणि दाढा यांच्यामधल्या दातांच्या) मागे एकही दाढ उरलेली नाही. तिथे गेले नऊ महिने मी काढता-घालता येणारी अर्धी कवळी वापरतो आहे. दवाखान्यात तिला नुसते ‘पार्शल’ म्हणतात. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर पक्के बसवलेले कृत्रिम दात, बसवायचा तर रिकाम्या जागेच्या दोन्ही टोकांना दात लागतात आणि माझ्याकडे मागचे टोकच नव्हते. इम्प्लांटसाठी, म्हणजे हाडात रोवायच्या कृत्रिम दातासाठी, हाड अपुरे होते, आणि हाड भरून घेण्याची शस्त्रक्रिया एकसष्टाव्या वर्षी मला नको होती.

त्याआधी दुसऱ्या एका दवाखान्यात करून घेतलेली, तारेचे आकडे असलेली ॲक्रिलिकची कवळी मी दीड वर्ष कशीबशी रेटली. तिला दातांच्या माथ्यावर टेकायला काहीच नव्हते. त्यामुळे प्रत्येक घासाचा भार हिरडीवर पडे, कवळी रुतत गेली आणि अखेर उपदाढांच्या आतल्या बाजूची हिरडी उतरून मुळे उघडी पडली. नव्या कवळीचा सांगाडा कोबाल्ट-क्रोमियमचा आहे. जिभेखालून जाणारी अरुंद पट्टी दोन्ही बाजू जोडते आणि उपदाढांच्या माथ्यावर कोरलेल्या खाचांत तिचे टेकू बसतात. तांदळाच्या कणीएवढ्या त्या टेकूंमुळेच कवळी पुढच्या बाजूने रुतत नाही.

मागच्या बाजूची अडचण मात्र धातूनेही सुटत नाही. दात दाबाखाली जेमतेम हलतो, हिरडी त्याच्या कितीतरी पट दबते. म्हणून पुढे दातांवर आणि मागे हिरडीवर टेकलेली कवळी चावताना मागे खाली जाते. दंतवैद्य एडवर्ड केनेडी यांच्या, काही दात गेलेल्या जबड्यांच्या १९२५ सालच्या वर्गीकरणात अशी दोन्ही बाजूंची, मागे आधार नसलेली जागा पहिल्या वर्गात मोडते. पहिला वर्ग ऐकून मला उगाचच बरे वाटले होते.

सुरुवातीचे तीन आठवडे त्रासाचे गेले. उजवीकडे जिभेच्या बाजूला जखम झाली, म्हणून मी दोन दिवस कवळी काढून ठेवली आणि मग दवाखान्यात गेलो. तोवर वण भरून आल्याने नेमके कुठे घासायचे हे डॉक्टरांना कळेना. पुढच्या वेळी सांगितल्याप्रमाणे आदल्या दिवसापासून कवळी घालून गेलो. त्यांनी आतल्या बाजूला पांढरी पेस्ट लावून कवळी दाबून बसवली आणि बाहेर काढली, तेव्हा पांढऱ्या थरात मसुराएवढा गुलाबी ठिपका उघडा पडला होता. तेवढाच भाग घासला आणि त्याच संध्याकाळी मी भाकरी खाल्ली.

पाचव्या महिन्यानंतर शेंगदाण्याचे कण कवळीखाली जाऊ लागले. मला वाटले, आकडे सैल झाले असावेत. डॉक्टरांनी आकड्यांना हातही न लावता कवळीच्या शेवटच्या दाढेवर बोट दाबले, तशी पुढे सुळ्यावर टेकलेली धातूची जीभ दातापासून उचलली गेली. म्हणजे खालचे हाड झिजून मागे पोकळी झाली होती. आतून नवे अस्तर, म्हणजे रिलाइनिंग, करून घेतल्यावर चावा पुन्हा जुळला. ही कवळी घेणाऱ्याने अस्तराचा खर्च आरंभीच हिशेबात धरावा. मला तो कुणी आधी सांगितला नव्हता, ही माझी एकमेव तक्रार.

ज्वारीची भाकरी, उसळी आणि मऊ शिजलेले मटण मी आता दोन्ही बाजूंनी चावतो, कारण एकाच बाजूने चावले की दुसरी बाजू उचलली जाते. पेरूच्या आणि वांग्याच्या बिया अजूनही छळतात. कवळी बसवताना दोन्ही बोटांनी दाबतो. चावून बसवली तर आकडे वाकतात. रात्री ती साध्या पाण्यात ठेवतो आणि सकाळी मऊ ब्रशने साबण लावून धुतो. टूथपेस्टने ॲक्रिलिकवर चरे पडतात, उकळत्या पाण्याने ते वाकडे होते आणि ब्लीचने धातू खराब होतो. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवतो, कारण जुनी कवळी एकदा कोरड्या बेसिनमध्ये पडून तडकली होती. आकडे धरणाऱ्या उपदाढांच्या मागची बाजू छोट्या ब्रशने रोज साफ करावी लागते. तिथे कीड लागून ती उपदाढ गेली, तर हा सगळा सांगाडाच निकामी होईल.

चिकट पदार्थांपुढे मात्र मी हात टेकले आहेत. संक्रांतीला तिळाच्या वडीने कवळी अख्खी वर उचलून आणली, आणि पाहुण्यांसमोर तोंड धरून मला मोरीकडे जावे लागले.