झीलाटेकवर मराठी, तेलुगू आणि कानडी: काही महिन्यांच्या वापरानंतर

सोलापुरात स्मरणिका करायची तर एका लिपीवर भागत नाही. पूर्व भागातल्या मंडळाचं काम असलं की मुख्य मजकूर मराठीत, आशीर्वचन तेलुगूत, शिवाय एखादं पान कानडी. गेले काही महिने ही कामं मी झीलाटेकवर (XeLaTeX, पुस्तकांची पानं जुळवणारी मोफत प्रणाली) करतोय. अक्षरजुळणी सुरेख, अनुक्रमणिका आपोआप, खर्च शून्य. त्रास एकच, पण मोठा: गहाळ अक्षरं.

फॉन्टमध्ये अक्षर नसलं तरी झीलाटेक थांबत नाही. तिथे चौकोन किंवा रिकामी जागा ठेवून पीडीएफ बनवून देतं. कोणतं अक्षर कोणत्या फॉन्टमध्ये सापडलं नाही, हे लॉग फाइलमध्ये लिहिलेलं असतं, पण लॉग कोण उघडतो? देणगीदाराचं नाव तुटकं छापलं गेलं तर तो माणूस दुखावतो आणि छापलेला कागद परत येत नाही. म्हणून प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला 'ट्रेसिंगलॉस्टकॅर्स' (\tracinglostchars) ही सेटिंग ३ वर ठेवा. टेक लाइव्ह (झीलाटेक ज्यातून बसवतात तो सॉफ्टवेअर-संच) २०२१ पासून त्यामुळे गहाळ अक्षर ही थेट एरर ठरते. माझ्या मते हे मुळातच तसं असायला हवं होतं.

सगळ्यात जास्त अडतं ते 'ॲ'वर. देणगीदारांच्या यादीत 'ॲड.' लावलेली नावं भरपूर, आणि हे अक्षर युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणात) आलं २००८ साली. रुपयाचं ₹ चिन्ह तर २०१० चं. त्याआधीच्या फॉन्टांत ही दोन्ही नसणारच. अशा वेळी टेक लाइव्हमधलं 'आल्बाट्रॉस' हे साधन फार उपयोगी: अक्षर द्या, ते असलेल्या आपल्या संगणकावरच्या फॉन्टांची यादी मिळते. मी आता मराठीला 'टिरो देवनागरी मराठी' वापरतो. तेलुगू-कानडीसाठी 'नोटो' या फॉन्टमालेतले वेगळे फॉन्ट जोडावेच लागतात; वर्डसारखा दुसरा फॉन्ट झीलाटेक स्वतःहून उचलत नाही. लिपी बदलली की फॉन्ट बदलण्याचं काम 'यूकॅरक्लासेस' पॅकेज करतं.

लॉग गप्प राहतो असेही दोष आहेत, आणि मला जास्त धास्ती त्यांचीच. फॉन्ट जोडताना 'स्क्रिप्ट' (लिपी) या पर्यायात देवनागरी लिहिलं नाही, तर जोडाक्षरं सुटतात, हलन्त उघडे पडतात. दुसरं म्हणजे जुन्या फाइलमधून आलेला मजकूर: 'विणणाऱ्या'चं 'विणणार्‍या' असं रूप त्यात असतं, मधला अदृश्य जोडक गळला की 'विणणार्या' छापतं. फॉन्टमध्ये सगळी अक्षरं हजर, त्यामुळे एरर नाही. त्यासाठी मी आधीच शोधून सगळीकडे 'ऱ' घालून घेतो. प्रूफ मात्र मराठी वाचणाऱ्यानेच वाचावं, आणि तेलुगू पान तेलुगू घरातल्याने.

झीलाटेकच्याच जातीच्या लुआलाटेकमध्ये (LuaLaTeX) पर्यायी फॉन्टांची साखळी लावता येते, म्हणजे एकात अक्षर नसलं तर पुढच्यातून घेतलं जातं; तिथे 'रेंडरर' या पर्यायात हार्फबझ (अक्षरं जुळवणारं इंजिन) द्यायला विसरू नका. पुढची तीन लिप्यांची स्मरणिका मी त्यावर करणार आहे.