क्लोज्ड लूप स्टेपर: आठ महिने वापरल्यानंतर

सीएनसी राउटरच्या (प्रोग्रॅमप्रमाणे कापणाऱ्या मशीनच्या) सगळ्या अक्षांवरच्या साध्या स्टेपर, म्हणजे ठरावीक स्टेपने फिरणाऱ्या मोटरी, काढून नेमा 23 मापाच्या, मागे एन्कोडर (मोटर खरंच किती फिरली ते कळवणारा सेन्सर) असलेल्या क्लोज्ड लूप मोटरी बसवल्या, त्याला आता आठेक महिने झाले. मशीन रोज चालतं, लाकूडही आणि ॲल्युमिनियमही. मोटरी चांगल्या आहेत. पण ‘आता स्टेप चुकणारच नाहीत’ एवढ्या जाहिरातीवर घेणार असाल तर जरा थांबा.

साधी स्टेपर चुकली तरी गप्प राहते. कापलेला जॉब उतरवून माप घेतल्यावर घोळ कळतो. क्लोज्ड लूप मोटर मागे पडली की तिला करंट देणारा ड्रायव्हर आधी फरक भरून काढायला बघतो, आणि फरक मर्यादेबाहेर गेला की अलार्म देऊन मोटर सोडतो. मात्र ड्रायव्हरला कळलं म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या कंट्रोलरला कळलं असं नाही. अलार्मची वायर कंट्रोलरच्या इनपुटला जोडलेली नसेल तर एक्स अक्ष बंद पडलेला असताना वाय आणि झेड खुशाल प्रोग्रॅम पुढे चालवतात. गँट्रीला (स्पिंडल वाहून नेणाऱ्या आडव्या पुलाला) दोन बाजूंना दोन मोटरी असतील तर आणखी वाईट: एक थांबते, दुसरी ओढत राहते आणि गँट्री तिरकी होते. आमचं पॅनेल करणाऱ्याने ही वायर टाकलीच नव्हती.

खरा कस लागला तो मध्यंतरी झेडला, म्हणजे वर-खालीच्या अक्षाला, अलार्म येऊ लागला तेव्हा. तोही स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) एक्सवर उजव्या टोकाला गेल्यावरच. झेडचा बॉलस्क्रू (अक्ष सरकवणारा स्क्रू) जड असता तर तो एक्सवर कुठेही जड लागला असता, जागेनुसार बदलतं ते केबलचं वळण, म्हणून संशय सरळ केबलवर गेला. तरी खात्रीसाठी झेड आणि एक्सच्या मोटर व एन्कोडर केबल ड्रायव्हरपाशी अदलाबदल केल्या. हे वीज पूर्ण बंद करून, ड्रायव्हरचे दिवे विझल्यावरच करायचं. चालू ड्रायव्हरवरून मोटरची वायर काढली तर तो जळू शकतो. स्पिंडलखाली लाकडी ठोकळाही ठेवा, कारण वीज गेली की झेड स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो. आणि जॉग (बटणाने अक्ष हाती हलवणं) अगदी सावकाश, एक्सचं बटण दाबल्यावर आता झेड हलणार असतो.

अलार्म एक्सच्या ड्रायव्हरवर गेला. म्हणजे झेडचा ड्रायव्हर निर्दोष, दोष मोटरमध्ये किंवा केबलमध्ये. केबल पॅनेलकडून सोडवून एका कॉइलच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला: सुमारे एक ओहम, ठीक. मग ड्रॅग चेनचं (हलत्या केबली सांभाळणाऱ्या साखळीचं) वळण हाताने हळूहळू पुढे-मागे केलं आणि एका जागी आकडा उडून ‘ओपन’ दिसू लागला. वरचं आवरण गुळगुळीत, आत तांबं तुटलेलं. साधी केबल सतत वाकली की हेच होतं. चेनमध्ये लवचिक केबलच हवी. मोटर बदलायची घाई केली असती तर पैसे पाण्यात.

दुसरा त्रास स्पिंडल सुरू करताच लिमिट स्विच (अक्ष टोकाला पोहोचल्याचं सांगणारा) लागल्याचा खोटा इशारा. स्पिंडलच्या व्हीएफडीची (त्याचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हची) केबल सिग्नलच्या केबलींना चिकटून धावत होती. ती वेगळी केली, सिग्नलचं शिल्ड फक्त पॅनेलकडच्या टोकाला अर्थ केलं, तेव्हापासून शांत आहे. यात नव्या मोटरींचा काही संबंध नाही, पण अलार्म दिसला की सगळे आधी मोटरलाच धरतात. व्हीएफडी उघडणार असाल तर वीज बंद केल्यावरही काही मिनिटं थांबा, आतले कपॅसिटर भरलेले असतात.

उष्णता कमी, आवाज कमी, हे खरं आहे. भार नसताना ड्रायव्हर करंट उतरवतो, त्यामुळे मोटरवर हात ठेवता येतो.

तक्रारी दोन. एन्कोडरच्या प्लगला कुलूप नाही, कंपनाने ढिला पडतो. आम्ही केबल टायने बांधला आहे. आणि वायरींचा क्रम चुकलेला अजिबात चालत नाही. साध्या स्टेपरमध्ये एका कॉइलची टोकं उलटली तर दिशा उलटते एवढंच; क्लोज्ड लूप मोटर वीज देताच हिसका मारते आणि अलार्मवर जाते. अलार्मचा दिवा किती वेळा लुकलुकला याचा अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळा असतो, तेव्हा सूचनापत्रकातलं ते पान पॅनेलच्या दारावर आतून चिकटवून ठेवा.