नॅरो-वाइड चेनरिंग, ३२ दातांची: कच्च्या रस्त्यावाल्यांनी घ्याच

सायकलच्या पेडलजवळच्या, समोरच्या तीन रिंगा (चेन ओढणाऱ्या दातेरी चकत्या) काढून एकच नॅरो-वाइड रिंग बसवून घेतली नागपूरच्या सीताबर्डीतून, आणि भाऊ खरं सांगतो, गोरेवाड्याकडच्या कच्च्या रस्त्यावर सायकल कितीही आदळली तरी चेन उतरत नाही, आधी जरा गिट्टी लागली की उतरायची.

सगळी करामत दातांत आहे. जवळून पहा, एक दात जाड, एक बारीक, असे आळीपाळीने. चेनच्या बाहेरच्या पट्ट्यांमधली जागा रुंद असते तिथे जाड दात गच्च बसतो, आतल्या पट्ट्यांत बारीक, म्हणूनच ही रिंग सम दातांचीच येते, ३०, ३२, ३४. स्रॅम या सायकल-पार्ट कंपनीनं २०१२ मध्ये एक्सएक्स१ या गिअर सेटसोबत आणली, आता बऱ्याच कंपन्या बनवून राहिल्या. काय डोकं लावलंय!

मागच्या चाकाला ११-४२ कॅसेट (११ ते ४२ दातांच्या चकत्यांचा संच) आहे म्हणून सेमिनरी हिल्सची चढण आरामात होते. पण वर्धा रोडला स्पीड कमी पडते. आधी समोर ४४ अन् मागे ११ दात, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचे ४ फेरे, आता समोर ३२ म्हणून २.९ च. फक्त डांबरी रोडवर पळवणार असाल तर नका घेऊ.

बसवताना बारीक दात बाहेरच्या पट्टीत आला तर जाड दातावर चेन वर चढून बसते आणि पेडल अडखळतं, तेव्हा मेकॅनिकसमोरच हाताने पूर्ण फेरा फिरवून पहा. अन् जुनी ताणलेली चेन नव्या रिंगवर बिलकुल चढवू नका, दात खाऊन टाकते.