फिक्ट्रॅक: माशीच्या होकायंत्राशेजारची मोजपट्टी

फळमाशीचं डोकं पक्कं धरून तिला हवेवर तरंगणाऱ्या चेंडूवर चालवायचं आणि समोर उजळ पट्टा दाखवायचा. पट्टा फिरला की मेंदूतल्या एलिप्सॉइड बॉडी या कड्यासारख्या भागात ई-पीजी पेशींचा (दिशा दाखवणाऱ्या चेतापेशींचा) चेतलेला भागही फिरतो; हेच माशीचं होकायंत्र. अंधार केला तरी तो माशीच्या वळण्यानुसार सरकत राहतो, हे सीलिग आणि जयरामन या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं. हे सरकणं ताडून पाहायला माशी नेमकी किती वळली ते कळायला हवं. फिक्ट्रॅक हे मोफत सॉफ्टवेअर ते काम चेंडूचं फिरणं टिपणाऱ्या एका कॅमेऱ्यावर भागवतं.

चेंडूवर काळे ठिपके हातानेच काढा, वेडेवाकडे आणि एकसारखे नसलेले. नक्षी पुन्हापुन्हा तीच आली तर सॉफ्टवेअर फसतं. उजेड इन्फ्रारेड ठेवा, माशीला तो दिसत नाही. चेंडूवर चमक उमटत असेल किंवा माशी कॅमेऱ्याच्या आड येत असेल, तर तेवढा भाग मांडणीच्या वेळी वगळा. कॅमेरा संथ नको: माशी सेकंदाला ६०० अंश वळली, तर ३० फ्रेमच्या वेगात दोन चित्रांत २० अंशांचं अंतर पडतं, १५० फ्रेममध्ये फक्त ४.

सगळ्यात नाजूक पायरी म्हणजे कॅमेऱ्याचे अक्ष माशीच्या अक्षांशी जुळवणं. इथे चूक झाली की वळणं थोडं 'पुढे चालणं' म्हणून नोंदलं जातं, आणि आकडे मात्र दिसायला ठीकठाक असतात. म्हणून माशी बसवण्याआधी चेंडू उभ्या अक्षाभोवती हाताने दहा फेऱ्या फिरवा. एकेका फ्रेममधल्या वळणांची बेरीज सुमारे ६२.८ रेडियन यायला हवी, पुढे चालण्याची जवळपास शून्य. अधिक-उणे चिन्हही तेव्हाच तपासा, कारण माशी उजवीकडे वळताना चेंडू तिच्या पायाखाली डावीकडे फिरतो. अंतर हवं असेल तर आकड्याला चेंडूच्या त्रिज्येने गुणायचं; दिशेला त्याची गरज नाही.

खरी मेख पुढे आहे. दिशा म्हणजे एकेका फ्रेममधल्या वळणांची बेरीज, त्यामुळे बारीक चूकही साठत जाते. पट्टा या आकड्यावरच फिरवला, तर ती चूक माशीच्या जगातच शिरते: पट्टा चुकीच्या आकड्यामागे जातो, पेशी पट्ट्यामागे, आणि आलेखात सगळं छान जुळतं! अंधारात मात्र पेशींची दिशा आणि चेंडूची दिशा दूर जाऊ लागतात. तो दोष मेंदूचा की मोजपट्टीचा, हे वरच्या दहा फेऱ्यांशिवाय सांगता येत नाही.

आणखी एक: पेशींच्या कोनाचा शून्य आणि पट्ट्याच्या कोनाचा शून्य यांतला फरक प्रत्येक माशीत वेगळा असतो. त्यामुळे अनेक माश्यांचे कच्चे कोन एकत्र करून सरासरी काढू नका; आधी प्रत्येक माशीचा फरक वजा करा.

पट्टा दाखवणाऱ्या पडद्याला माहिती सॉकेटने (प्रोग्रॅममधल्या जोडणीने) जाते, आणि कॅमेरा, गणित, पडदा असा उशीर टप्प्याटप्प्याने वाढतो. पडद्यावर फोटोडायोड (उजेड टिपणारा सेन्सर) लावून तो मोजा. ६० हर्ट्झचा साधा मॉनिटर घेऊच नका, माशीला तो लुकलुकताना दिसतो.