फेरी फिराला लागत नाही, हे तिकिटावरूनच कळायला हवं होतं

१,३४० युरो. बँकेचं शुल्क धरून खात्यातून गेले १,३७,४६२ रुपये. ग्रीसमधल्या नाक्सोस बेटावर चार रात्री, सँटोरिनी बेटावर तीन आणि मधली फेरी, म्हणजे प्रवासी बोट. फसवणुकीची पद्धत तीच जुनी: नावाजलेल्या साइटवर घर खरं, फोटो खरे, मग ‘मालक’ व्हॉट्सॲपवर येतो, थेट पैसे भरलेत तर पंधरा टक्के कमी.

हे ठाऊक असूनही फसलो, कारण युरोपचा शेंगेन व्हिसा. प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा कागद लागतो, अपॉइंटमेंट चार दिवसांवर, आणि हा गृहस्थ तासाभरात शिक्क्यासकट पत्र पाठवतो. त्या घाईत कोणीही हेच केलं असतं. (कागदासाठी फुकट रद्द होणारं हॉटेल कार्डावर घ्या. कार्डाच्या व्यवहारावर निदान वाद घालता येतो.)

पण ते तिकीट! त्यावर छापलेलं: नाक्सोस ते ‘फिरा बंदर’. दोन महिने नकाशे पालथे घालणाऱ्या माणसाला हे खटकू नये? फिरा हे सँटोरिनीचं मुख्य गाव, कड्यावर वसलेलं. पण फेरी लागते आथिनिओस बंदराला, फिराच्या दक्षिणेला; तिथून बस वळणं घेत कडा चढते. फिराखालचं जुनं बंदर क्रूझच्या प्रवाशांना किनाऱ्यावर आणणाऱ्या छोट्या बोटींचं. वर यायला केबल कार, नाहीतर पाचशेच्या वर पायऱ्या. तिकीट बनवणारा बेटावर कधी गेलाच नसणार. आम्ही ते वाचलं, आणि पैसे पाठवले.

पैसे घेणाऱ्या खात्याचा आयबॅनही (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) ‘एलटी’ने सुरू होणारा, वीस अक्षरी. ग्रीक खात्याचा ‘जीआर’ने सुरू होतो आणि सत्तावीस अक्षरी असतो. ‘एलटी’ म्हणजे लिथुआनिया, तिथेही युरोच चालतो, अशी आमची समजूत आम्हीच काढली. आयबॅन तपासणाऱ्या साइटने ‘बरोबर’ म्हटलं यावर जाऊ नका; त्यातले तपास-अंक आकडा चुकला नाही एवढंच सांगतात, खातं कोणाचं ते नाही.

ग्रीसमध्ये असं घर भाड्याने द्यायला एएमए हा नोंदणी क्रमांक लागतो, जाहिरातीत तो दाखवावा लागतो. मागा. टाळाटाळ झाली की विषय संपला. आणि जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी वारा चढला की फेऱ्या बंद पडतात. तेव्हा ‘तारीख बदलता येणार नाही’ असलं पॅकेज खरं असलं तरी घेऊ नये. परतीच्या विमानाआधीची रात्र अथेन्समध्येच काढा.

पैसे गेले की पहिल्या तासात १९३० लावा, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. आम्ही आधी बँकेत गेलो. “तुम्ही स्वतःच पाठवलेत ना?” मग रिकॉलची, म्हणजे पाठवलेले पैसे परत मागवण्याची विनंती, तीही समोरच्याने संमती दिली तरच फळणार. चोराची संमती! पोलीस ठाण्यात म्हणे, गुन्हा ग्रीसमध्ये घडलाय, तिकडे तक्रार द्या. फसलेला माणूस इथला, त्याचं खातं इथलं, फोन इथला, आणि गुन्हा तेवढा तिकडचा. तीन खेपांनंतर साधा अर्ज घेतला. पोच मागितली तर साहेब जेवायला गेले होते. बँकेचं सहा आठवड्यांनी उत्तर आलं: लाभार्थीकडून प्रतिसाद नाही.

रिकॉलचे ५९० रुपये मात्र त्याच दिवशी कापले होते.